रेकॉर्डवर भरदार झालेलं गाणं मंचावर पोकळ का वाटतं?

प्रश्न थोडक्यात असा: चार जणांचा रॉक बँड आहे. एक गिटार, बेस, ड्रम्स आणि गायक. स्टुडिओत केलेलं गाणं मस्त भरदार झालं, पण तेच मंचावर वाजवलं की पोकळ वाटतं, शब्द कळत नाहीत, आणि कुणी मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं ऐकलं की तोंड लपवावंसं वाटतं. मोठ्या बँडचं असं होत नाही, मग आमचं काय चुकतं?

मोठ्या बँडचंही असंच होतं. मी सुरुवातीची सहा वर्षं स्टुडिओत काढली आणि त्यानंतरची सोळा प्रेक्षकांच्या मधोमध, मिक्सरमागे उभं राहून. दोन्हीकडे माइक तेच, केबल त्याच, पण स्टुडिओ सोडून बाहेर आलो तेव्हा पहिलं वर्षभर माझं प्रत्येक मिक्स चिखल व्हायचं. कारण मी मंचावरून रेकॉर्ड काढायला बघत होतो.

स्टुडिओत आवाज एकमेकांपासून तोडता येतात, जागेनेही आणि वेळेनेही. ड्रम्स सोमवारी एका खोलीत, गिटार गुरुवारी दुसऱ्या खोलीत, गायकाची एक ओळ तीन आठवड्यांनी. मंचावर सगळे एकाच हवेत आणि एकाच क्षणी वाजत असतात. तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ इथेच आहे.

आधी पोकळपणाचं बघू. तुम्ही म्हणता बँडमध्ये एक गिटार आहे. रेकॉर्डवर मोजून बघा, किती आहेत? माझा अंदाज, कोरसमध्ये निदान तीन-चार. एक डावीकडे, एक उजवीकडे, जमल्यास मध्ये एक वेगळ्या अ‍ॅम्पची. तोच भाग दोनदा वाजवला की दोन्ही वेळच्या सुरात आणि वेळेत केसभर फरक पडतो, आणि तो फरकच कानाला रुंदी म्हणून ऐकू येतो. एकच टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर रुंदी येत नाही, नुसता आवाज वाढतो. गायकाचंही तसंच. निर्वाणा बँडच्या 1991 च्या 'नेव्हरमाइंड' अल्बमच्या वेळी गायक कर्ट कोबेन आवाजावर आवाज चढवायला तयार नव्हता. निर्माता बुच विगने बीटल्सचा जॉन लेननही तसंच करायचा असं सांगून त्याला राजी केलं, ही गोष्ट विगने स्वतः अनेकदा सांगितली आहे. लेननला दोनदा गायचा कंटाळा, म्हणून तर 1966 मध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या केन टाउनसेंडने यंत्राने आवाज दुहेरी करायची युक्ती काढली.

क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' (1975) हे याचं टोक. ऑपेराच्या भागात तीन माणसांचे आवाज थरावर थर चढवून शंभराच्या कितीतरी वर नेले होते. हा भाग चौघांनी मंचावर गाणं अशक्यच होतं. त्यांनी तसा प्रयत्नही केला नाही. ऑपेरा सुरू झाला की बँड मंचावरून निघून जायचा, टेप वाजायची, दिवे खेळायचे, आणि रॉकचा भाग आला की चौघे स्फोटासारखे परत यायचे. प्रेक्षकांपासून काही लपवलेलं नव्हतं. 1985 च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीत तर त्यांनी सुरुवातीचा पियानोचा भाग गायला आणि तिथूनच पुढच्या गाण्यात उडी मारली. साधारण एकवीस मिनिटांत काय मंचावर उभं राहतं आणि काय नाही, हे त्यांना नेमकं माहीत होतं.

मंचावर तुमची एक गिटार दोन्ही स्पीकरमधून आली तरी ती मध्येच ऐकू येते. डावी-उजवी वाटणी करायची म्हटली तर डाव्या स्पीकरजवळच्या माणसाला उजवीकडचं काही मिळतच नाही, त्यामुळे आम्ही बहुतेक वेळा जवळपास मोनोच (दोन्हीकडे एकच आवाज) मिक्स करतो. म्हणजे रेकॉर्डवर जी रुंदी होती ती दारातच गळून पडते. राहते ती एक गिटार आणि तिच्या भोवतीची मोकळी जागा. ती जागा बेस आणि ड्रम्सनी भरायची असते. एकाच गिटारचे जुने बँड ऐका. सोलो सुरू झाला की बेसवाला मूळ सुरावर गप्प बसत नाही, तो गिटारचंही थोडं काम अंगावर घेतो. द हू या बँडचा 'लाइव्ह अ‍ॅट लीड्स' 14 फेब्रुवारी 1970 ला लीड्सच्या विद्यापीठाच्या खानावळीत रेकॉर्ड झाला. त्यातला जॉन एंटविसलचा बेस ऐकला की दुसरी गिटार हवी होती असं एकदाही वाटत नाही.

आता शब्द न कळण्याचं. इथे जरा थांबतो, कारण लोक याचं खापर गायकावर किंवा माझ्यासारख्यावर फोडतात.

स्टुडिओत गायकाच्या माइकमध्ये फक्त गायक असतो. मंचावर त्याच माइकमध्ये गायक असतो आणि मागचे झांजांसारखे सिंबल, स्नेअर ड्रम, गिटारचा अ‍ॅम्प, मॉनिटर (बँडला स्वतःचं ऐकू यावं म्हणून मंचावर ठेवलेले स्पीकर), भिंतीवरून परतलेला सगळा गोंगाट. गायक माइकपासून वीतभर मागे सरला की तो माइक ड्रम्सचा होतो. रेकॉर्डवर गायकाचा आवाज पुढे, अंगावर आल्यासारखा वाटतो तो कॉम्प्रेशनमुळे: मोठे भाग दाबायचे, लहान भाग उचलायचे. मंचावर तेवढं कॉम्प्रेशन लावलं तर दोन ओळींच्या मधे गायक थांबतो आणि यंत्र इमाने इतबारे सिंबल उचलून देतं. शिवाय उचललेला आवाज स्पीकरमधून परत माइकमध्ये जातो, आणि माइक शिट्टी मारतो. स्टुडिओतली अर्धी हत्यारं इथे म्यानातच राहतात, ती या कारणाने.

शिट्टीवरून आठवलं. काही गायक जोशात माइकचं डोकं मुठीत धरतात. हातात धरायचे बहुतेक माइक समोरचं ऐकतात आणि मागचं टाळतात. 1966 पासून चालत आलेला शुअरचा एसएम58 याच जातीचा. मागचं टाळण्याची सोय जाळीच्या मागच्या फटींतून होते. मुठीने त्या फटी झाकल्या की माइक चहूबाजूंचं ऐकायला लागतो, पायाशी ठेवलेल्या मॉनिटरचंसुद्धा. दिसायला झकास, ऐकायला शिट्टी.

मॉनिटर ही चीज मुळात आली तीच कुणाला काही ऐकू येईना म्हणून. बीटल्सनी 15 ऑगस्ट 1965 ला शे स्टेडियमवर पंचावन्न हजारांहून जास्त लोकांसमोर वाजवलं. त्यासाठी व्हॉक्सचे शंभर वॉटचे अ‍ॅम्प खास आणले होते, आणि गाणं चाललं होतं स्टेडियमच्या घोषणांच्या भोंग्यांवरून. मंचावर मॉनिटर नाहीत, समोर किंचाळ्या. पुढच्या तिघांची अंगं कशी हलतात ते बघून आपण गाण्यात कुठे आहोत ते ओळखायचो, असं त्यांचा ड्रमर रिंगो स्टारने नंतर सांगितलं आहे. ऑगस्ट 1966 नंतर त्यांनी दौरे बंद केले, स्टुडिओत शिरले आणि मंचावर वाजवायचंच नाही हे धरून रेकॉर्ड बनवू लागले. माझ्या मते रेकॉर्ड आणि मैफल यांची वाट खऱ्या अर्थाने वेगळी झाली ती तेव्हा.

उलट्या दिशेचं वेडही झालं. ग्रेटफुल डेडने 1974 मध्ये सहाशेहून जास्त स्पीकरची भिंत बँडच्या पाठीमागे उभी केली, म्हणजे प्रेक्षक ऐकतात तेच बँड ऐकेल. पण मग शिट्टीचं काय? प्रत्येक गायकाला दोन माइक दिले, एकमेकांच्या उलट जोडलेले. गायक फक्त एकात गायचा. भिंतीचा आवाज दोन्हींत सारखाच शिरायचा आणि एकमेकाला खाऊन टाकायचा. कल्पना अफलातून, खर्च आणि ट्रकांची रांग त्याहून अफलातून. त्या वर्षाअखेर तो पसारा मोडला.

तुमच्यासारख्यांच्या जागा बहुधा लहान असतात. तिथे एक कडू सत्य आहे: आवाज किती असावा हे मिक्सरवाला ठरवत नाही, ड्रमर ठरवतो. स्नेअर आणि सिंबल माइकशिवायच शंभर डेसिबलच्या पुढे जातात. गिटारला त्याच्या वर जायचं असतं, बेसला गिटारच्या, आणि या सगळ्यांच्या वर गायकाला न्यायचं तर शिट्टीची हद्द आधीच लागते. शब्द हरवतात ते या शर्यतीत. गायकाचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकती कळ) वर सरकवून फायदा नसतो, बाकीच्यांनी खाली यावं लागतं.

त्यात गिटारच्या अ‍ॅम्पची एक गंमत. अ‍ॅम्प जमिनीवर असतो आणि त्याचा तीक्ष्ण आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो, गिटारिस्टच्या पोटऱ्यांवर. त्याच्या कानाला आवाज बोथट लागतो, म्हणून तो ट्रेबल वाढवतो. तो झोत पुढे जाऊन पहिल्या रांगेचे कान कापतो आणि थेट गायकाच्या माइकमध्ये घुसतो. अ‍ॅम्प खुर्चीच्या उंचीवर ठेवा किंवा मागे तिरका करून तोंड कानाकडे करा. मी एवढं एक करून अर्ध्या कार्यक्रमांतली भांडणं मिटवली आहेत.

सभागृह हा तर बँडचा पाचवा सदस्य, आणि सरावाला कधीच न येणारा. स्टुडिओत घुमारा आपण निवडतो. लेड झेपेलिनच्या 1971 च्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'मधले ड्रम्स हेडली ग्रेंज या घराच्या दारातल्या उंच दालनात जिन्याखाली ठेवले होते आणि माइक वर जिन्यात टांगले होते. तो जिना रेकॉर्डमध्ये कायमचा बसला. मंचावर मिळेल तो जिना. वाद्यवृंदासाठी बांधलेल्या सभागृहात घुमारा दोन सेकंदांच्या आसपास रेंगाळतो. व्हायोलिनना तो सोन्यासारखा लागतो. रॉकला साधारण सेकंदभर किंवा त्याहून कमी बरा, आणि विशेषतः खालच्या सुरांत कमी हवा, नाहीतर किक ड्रमचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) एक ठोका मरायच्या आत पुढचे तीन येतात. प्रेक्षक भरले की वरचे सूर त्यांच्या अंगात, कपड्यांत शोषले जातात. खालचे सूर मात्र फारसे शोषले जात नाहीत, त्यामुळे रिकाम्या सभागृहात दुपारी लावलेलं मिक्स रात्री बदलतं. नवखा माणूस साउंडचेकला जमलेलं सोडायला तयार नसतो आणि पहिली दोन गाणी हातची घालवतो.

मैदानात वेगळाच हिशेब. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवरच्या श्रोत्याला ठोका जवळजवळ 0.3 सेकंद उशिरा पोचतो. मधे उभारलेल्या स्पीकरच्या मनोऱ्यांना मुद्दाम तेवढा उशीर द्यावा लागतो, नाहीतर मागच्यांना प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल. रात्री हवा गार झाली की हा वेगही बदलतो, दर अंशाला सेकंदामागे साधारण 0.6 मीटर. वाऱ्याबद्दल बोलायलाच नको.

मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकून मात्र निराश होऊ नका, ते कुणाचंच चांगलं येत नाही. एक तर फोनचा इवलासा माइक त्या आवाजात गुदमरतो. दुसरं कारण कानाचं. कमी आवाजात आपल्याला खालचे सूर कमी ऐकू येतात आणि आवाज वाढला की ते भरून येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये हे मोजून दाखवलं. मैफलीत बेस छातीत वाजतो. तेच घरी हळू आवाजात ऐकलं की छाती गायब, नुसता कान उरतो. म्हणून रेकॉर्डच्या मिक्समध्ये हळू आवाजातही गाणं उभं राहील अशी तजवीज असते. मैफलीचं मिक्स त्या एका रात्रीपुरतं, त्या मोठ्या आवाजापुरतं असतं. (मोठा म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये पंधरा मिनिटांच्या सरासरीला 100 डेसिबलची मर्यादा सांगितली आहे. मी स्वतः कानात बोळे घालतो आणि तुम्हीही सरावाला घाला.)

'थेट मिक्सरमधून रेकॉर्डिंग द्या' अशी मागणी करणारे बँड नेहमी भेटतात. दिलं की दुसऱ्या दिवशी फोन येतो: गिटार कुठे आहे? गिटार सभागृहात अ‍ॅम्पमधूनच इतकी येत होती की मी तिचा फेडर जवळजवळ खालीच ठेवला होता. मिक्सरमधून निघतं ते खोलीत जे कमी पडत होतं तेवढंच: भरपूर गायक, थोडी किक. म्हणून चांगल्या लाइव्ह अल्बमसाठी प्रत्येक माइकची तार मंचावरच दोन वाटांना फोडतात. एक वाट माझ्याकडे, दुसरी रेकॉर्डिंगकडे, आणि प्रेक्षकांसाठी वेगळे माइक. नंतर ते सगळं स्टुडिओत बसून मिक्स होतं. कधी कधी फार जास्तच मिक्स होतं. थिन लिझीच्या 1978 च्या 'लाइव्ह अँड डेंजरस'वर नंतर किती वाजवून भरलं, याबद्दल निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी आणि बँड यांचं कधी पटलं नाही. माझं मत विचाराल तर लाइव्ह अल्बम हा तिसराच प्रकार आहे, मैफलीची साक्ष म्हणून तो काढू नये.

वेळेचं बोलायचं राहिलं. पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात, मंचावर वेळेचंही आणता येत नाही. स्टुडिओत गायकाच्या आठ टेकमधून शब्द वेचून एक ओळ शिवतात. मंचावर दीड तास, आणि उद्या परत दीड तास. म्हणून अनेक बँड मंचावर अर्धा सूर खाली उतरवून वाजवतात, आणि क्वीनच्या फ्रेडी मर्क्युरीसारखा गायकही रेकॉर्डवरच्या उंच जागा मैफलीत पुष्कळदा खालून घ्यायचा. यात कमीपणा काही नाही. ड्रमरचं उलट. अंगात वीज चढते आणि लय पुढे पळते. हे दर वेळी वाईटच असतं असं नाही. चीप ट्रिकचं 'आय वॉन्ट यू टू वॉन्ट मी' 1977 मध्ये स्टुडिओतून आलं तेव्हा अमेरिकेत कुणी वळून पाहिलं नाही. पुढच्या वर्षी टोकियोच्या बुदोकानमध्ये ते जलद, रांगडं वाजलं, समोरून ओळीओळीला ओरडून साथ आली, आणि तेच रेकॉर्डिंग 1979 मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सातव्या क्रमांकावर गेलं. गाणं तेच होतं. स्टुडिओने त्याला जरा जास्तच नीटनेटकं केलं होतं.

डीप पर्पलची दोन रेकॉर्डं एकापाठोपाठ ऐका, हा तुमच्यासाठी गृहपाठ. 'मशीन हेड' डिसेंबर 1971 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मॉन्त्रोच्या बंद हॉटेलच्या बोळांत, गाद्या लावून, बाहेर उभ्या ट्रकमधल्या यंत्रांवर झालं. ऑगस्ट 1972 मध्ये जपानच्या तीन मैफलींतून 'मेड इन जपान' आलं. 'स्पेस ट्रकिन'' पहिल्यात साडेचार मिनिटांचं आहे, दुसऱ्यात वीस मिनिटांच्या घरात. त्यातल्या नुसत्या लांबीकडे जाऊ नका. ऑर्गनवाला एक वाट काढतो, गिटारवाला ती पकडतो, ड्रमर दोघांच्या मधे खड्डा ठेवतो, हे बघा. एकाच क्षणी, एकाच हवेत असल्याशिवाय हे होत नाही. स्टुडिओत गुरुवारी आलेल्या गिटारला सोमवारचे ड्रम्स उत्तर देऊ शकत नाहीत.

आता तुमच्या गाण्यांचं काय करायचं. रेकॉर्डवरचं सगळं मंचावर आणायचा हट्ट सोडा. प्रत्येक गाण्यात अशी एक गोष्ट ठरवा की ती गेली तर गाणं ओळखू येणार नाही: एखादी धून, एखादा ठेका. ती राखा, बाकीचं मोडा. गिटारचा घरी गोड लागणारा खालचा भाग कापा, ती जागा बेसची आहे. डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणं) घरच्यापेक्षा निम्मं ठेवा. मोठ्या आवाजात ते आपोआप जास्त वाटतं आणि ठोक्याची धार खातं. घुमारा देणारा तुमचा रिव्हर्ब पेडल बंदच करा, सभागृह फुकट देतंच आहे. बेसवाल्याने सोलोच्या वेळी थोडं डिस्टॉर्शन लावून वरच्या तारेलाही हात घालावा. कोरसच्या आधी दोन मात्रा सगळ्यांनी गप्प बसून बघा. रेकॉर्डवर कोरस चार गिटारींनी मोठा होतो, मंचावर तो आधीच्या शांततेने मोठा होतो.

लॅपटॉपवरून जादा गिटार वाजवाव्यात का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. वाजवा, लाज कसली. द हू 1971 पासून सिंथेसायझरची टेप सोबत घेऊन वाजवायचे आणि त्यांचा ड्रमर कीथ मून डोक्याला हेडफोन चिकटपट्टीने बांधून तिच्याबरोबर राहायचा. किंमत मात्र माहीत असू द्या: टेप कुणाचं ऐकत नाही. प्रेक्षक रंगात आले म्हणून कोरस अजून एकदा घेता येत नाही, आणि एकाची मात्रा चुकली की चौघांनी मिळून सावरायची मुभा जाते. म्हणून सगळ्या गाण्यांना लावू नका, एक-दोन पुरेत. क्लिक (लय धरून ठेवणारी टिकटिक) फक्त ड्रमरच्या कानात द्या. आणि लॅपटॉप अडला तर कुठून उचलायचं ते सरावातच ठरवा, कुणाला न सांगता मधेच तो बंद करून, चारपाच वेळा.